बोरस्तेकाकांना बदक येत नाही

आमच्या समोरच्या बोरस्तेकाकांना 'बदक' वाचता येत नाही. 'घर' येत नाही, 'कमळ' येत नाही, आणि 'नळ' तर त्यांना आजवर एकदाही आलेला नाही. टॅबवर नळाचं भलंमोठं चित्र असतं, खाली तीन शब्द असतात, फांदीवरचा पोपट लाडाने विचारतो, "सांग बघू, हे काय?" काका चष्मा पुसतात, मान तिरकी करतात, नीट विचार करतात आणि 'खुर्ची'वर बोट ठेवतात. पोपट म्हणतो, "अंहं, पुन्हा बघ हं." काका पुन्हा बघतात आणि पुन्हा 'खुर्ची'वरच बोट ठेवतात. या वेळी जरा जोरात.

हा खेळ बालवाडीतल्या मुलांना वाचायला शिकवण्यासाठी आहे. त्याला काहीतरी गोड नाव आहे, पण आमच्या मजल्यावर सगळे त्याला पोपटाचा खेळ म्हणतात. काकांना रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. या वयाची माणसं सकाळी फिरायला जातात, हास्यक्लबात जाऊन हसतात, नाहीतर गॅलरीत बसून सोसायटीच्या सेक्रेटरीच्या चुका काढतात. काका दूध तापवून झालं की पॅसेजमध्ये प्लॅस्टिकची खुर्ची टाकतात आणि पोपटापुढे बसतात. पॅसेजमध्ये अशासाठी, की आमचं वायफाय तिथपर्यंतच पोचतं.

मी घरी ब्लाउज शिवते. उजेडासाठी मशीन दाराशी ठेवलंय आणि दार दिवसभर उघडं असतं, त्यामुळे हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर चालतं. मी मुद्दाम बघत नाही. माझा स्वभाव जरा चौकस आहे इतकंच. माझा नवरा त्यासाठी दुसरा शब्द वापरतो.

बदकापेक्षाही विचित्र प्रकार म्हणजे रुमालाचा. खेळात मधूनच पोपट कानाला पंख लावतो आणि म्हणतो, "आता तू बोल." मग मुलाने तो शब्द मोठ्याने म्हणायचा असतो. पोपटाने पंख कानाला लावला रे लावला, की काका खिशातून रुमाल काढून तोंडावर घट्ट धरतात. श्वाससुद्धा जपून घेतात. मला डोळ्यांनीच खुणावतात की मशीन थांबवा. मी मशीन थांबवते. "ऐकू नाही आलं बाळा," असं म्हणून पोपट कंटाळून पंख खाली घेतो, मग काका रुमालाची घडी घालतात आणि मी पुढची टीप मारते. हे रोज चालायचं आणि मी रोज थांबायची, कारण शेजारधर्म म्हणून काही असतं. पण डोक्यात किडा वळवळायचाच.

बरं, माणूस काही साधासुधा नाही. मूळचे निफाडचे, पण जन्म गेला इथेच नाशिकला, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये. समोर भिंतभर काटे आणि दिवे, आणि दर तासाला ते सगळे ठीक आहेत की नाही ते पाहायचं. नोकरी संपली पण तासाचं भूत काही उतरलं नाही. आजही दर तासाला त्यांची सोसायटीत एक फेरी असते. टाकीतलं पाणी, पंपाचा आवाज, जिन्यातला दिवा, पार्किंगमधल्या माझ्या नवऱ्याच्या स्कूटरचं मागचं टायर, सगळ्यावर नजर फिरवून येतात आणि वर आले की कुणी विचारो न विचारो, पॅसेजला सांगतात, "सगळं नॉर्मल हाय."

जगातल्या घडामोडी त्यांना वीज केंद्राच्या भाषेतच कळतात. दूध उतू गेलं की प्रेशर जास्त झालेलं असतं. वॉचमन डुलक्या घेत असला की तो स्टँडबायला गेलेला असतो. सेक्रेटरी मीटिंगमधून तणतणत उठून गेले, तेव्हा अख्खी मीटिंग गप्प होती आणि काका शेजारच्याला शांतपणे सांगत होते, "ट्रिप झालं. अर्धा तास लागंल परत सुरू व्हायला." आणि खरोखरच अर्ध्या तासाने सेक्रेटरी चहाला परत आले. आमच्या गच्चीवरून एकलहऱ्याच्या चिमण्या दिसतात. काका डोळे बारीक करून धूर बघतात आणि आज लोड किती आहे ते सांगतात. खरंखोटं करायला आमच्यापैकी कुणी जात नाही. पोपटाला ते शिफ्ट इंचार्ज म्हणतात. "आज आमचे शिफ्ट इंचार्ज लय नाराज हायेत," असं म्हणताना त्यांच्या तोंडावर अशी काही समाधानाची छटा असते, की जणू बढती मिळाली.

काकू गेल्या त्याला काही वर्षं झाली. त्यानंतर घरात मुलगा निलेश, सून रूपाली आणि नात जुई होती. मग निलेश-रूपालीचं बिनसलं. काय बिनसलं ते मला माहीत नाही. मला माहीत नाही म्हणजे विचार करा किती दाराआड बिनसलं असेल. रूपालीचे ब्लाउज मी शिवत असे. अबोल, नीटनेटकी मुलगी, मापात कधी खोट काढायची नाही. एक दिवस ती जुईला घेऊन माहेरी सटाण्याला गेली, प्रकरण कोर्टात गेलं, निलेशने पुण्याकडे नोकरी धरली आणि घरात काका एकटे उरले. दोन्ही घरांचं बोलणं बंद. सटाण्याचा विषय काकांपुढे कुणी काढायचा नाही, हे आमच्या मजल्यावर न ठरवता ठरलेलं आहे.

त्यामुळे बदक प्रकरण सुरू झालं तेव्हा माझ्या मनात भलतीच शंका आली. एकटेपणात माणसाचं डोकं चालेनासं होतं म्हणतात. माझ्या आत्याचं तसंच झालं होतं, शेवटी ती मलाच माझा पत्ता विचारायची. नवरा म्हणाला, डॉक्टरला दाखवा. म्हटलं, आधी आपण बघू. मी माझ्या गोळ्यांच्या डबीतला तो बारीक अक्षरांचा कागद घेऊन काकांकडे गेले आणि म्हटलं, माझा चष्मा सापडत नाही, जरा वाचता का. काकांनी तो कागद पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. गोळी कशाची, कुणी घ्यावी, कुणी घेऊ नये, घेतल्यावर काय काय होऊ शकतं, कंपनीचा कारखाना कुठे, सगळं. मग कागदाची जशी होती तशी घडी घालून मला म्हणाले, की ही तुम्ही रिकाम्या पोटी घेत असाल तर ते बंद करा. मी रिकाम्या पोटीच घेत होते.

म्हणजे डोकं शाबूत होतं. पेपरसुद्धा ते नावापासून वाचतात, टेंडर नोटिसा आणि हरवलेल्या माणसांच्या जाहिरातींसकट. मग त्या बदकानेच त्यांचं काय घोडं मारलं होतं? शेवटी मी सरळ विचारलं. काका म्हणाले, "ट्रायल चालू हाय ताई." आणि फेरीला निघून गेले.

उलगडा झाला तो माझ्या चांगुलपणामुळे. एका सकाळी आत दुधाचं प्रेशर वाढल्याचा वास आला आणि काका टॅब माझ्या मांडीवर टाकून धावले. समोर बदक. पोपट विचारतोय, सांग बघू हे काय. आता मला सांगा, पुढ्यात बदक आहे, खाली 'बदक' लिहिलंय, आणि एक पोपट आशेने आपल्याकडे बघतोय. मी 'बदक'वर बोट ठेवलं. पोपट नाचला. मग घर आलं, मग कमळ आलं. नळ आला तेव्हा तर मला फार बरं वाटलं, बिचाऱ्याला कधी नव्हे ते न्याय मिळाला. एकदा पोपटाने पंख कानाला लावला तेव्हा मात्र काकांची सवय लागलेली, मी गप्प बसले. तरी शेवटी तुतारी वाजली, कागदाची फुलं पडली आणि पोपट म्हणाला, "वा! आता आपण शब्दांच्या शेवटच्या धड्यात आलो."

काका दारात उभे होते. हातात दुधाचं फडकं. चेहरा असा पडला होता, की मी मशीनवरून उठूनच उभी राहिले.

"काय केलंत ताई हे?" ते म्हणाले. "कशाला शहाणपणा केलात?"

काका माझ्यावर कधी आवाज चढवून बोललेले मला आठवत नाहीत. मलाही राग आला. म्हटलं, काका, बदकाला बदक म्हटलं तर एवढं काय झालं? टॅब माझ्या हातातून घेऊन ते खुर्चीवर बसले. मग त्यांनी सांगितलं. सरळ, फेरीचा अहवाल द्यावा तसं सांगितलं.

हा खेळ जुईचा होता. ती इथे असताना दुपारी आजोबा-नात मिळून खेळायची. टॅबवरही तेच खातं आणि रूपालीच्या फोनवरही तेच. रूपाली गेली तेव्हा भांडी, कपडे, दागिने, सगळ्याची वाटणी झाली, पण पोपट कुणाच्या लक्षात आला नाही. जुई आता सटाण्याला आईच्या फोनवर खेळते, आणि तिने तिकडे शब्द बरोबर ओळखला की इकडे काकांच्या टॅबवर तिच्या बागेत एक फळ लागतं. काका रोज सकाळी दूध तापवून ते फळ बघायला बसत होते. फळ लागलं म्हणजे पोर काल बरी होती, जेवली-खेळली होती. पोपटाच्या पोटावर बोट दाबलं की तो शेवटचा ऐकलेला शब्द म्हणून दाखवतो, ज्याने म्हटला त्याच्याच आवाजात. म्हणजे जुईच्या आवाजात. हे तिकडून इकडे कसं पोचतं ते मला विचारू नका, पण पोचतं.

"रोज एक शब्द ऐकतो," काका म्हणाले. "कधी कमळ, कधी घर. पोट भरतं."

आणि रुमाल यासाठी, की काकांचा आवाज चुकून तिकडे गेला असता, तर तो रूपालीच्या फोनमधून निघाला असता. मग तिच्या लक्षात आलं असतं आणि तिने एका मिनिटात ही खिडकी बंद केली असती. जुईशी बोलायची एवढी सोय हाताशी असून तो माणूस रोज तोंड दाबून बसत होता.

चुकांचा हिशोब त्याहून वेडा होता. खूप चुका झाल्या की पोपट मुलाला मागच्या धड्यात नेतो. पण शब्द संपले की वाक्यं लागतात, आणि वाक्यांना लागलं की मागे जाणं नाही, गाडी थेट शेवटच्या गोष्टीवर. गोष्ट वाचून झाली की खेळ संपला. काकांनी दुसऱ्या नावाने एकदा सगळा खेळून पाहिला होता, कंट्रोल रूमचाच माणूस. शेवटी पोपट उडून जातो आणि बाग तशीच राहते. फळ नाही, आवाज नाही. पोरीला वाचायला आलं की काकांचं सगळं बंद. म्हणून जुई संध्याकाळी जेवढी पुढे जायची, तेवढी काका सकाळी तिला मागे आणत होते. बदक आणि नळ यांच्या मधोमध त्यांनी तिला थोपवून धरलं होतं.

मी मशीनचं कव्हर घातलं आणि त्या दिवशी शिवलंच नाही काही. त्यांनी पुढे आपणहून सांगितलं, की एकदा सटाण्यालाही जाऊन आले होते, द्राक्षांची पेटी घेऊन. तिकडच्यांनी बसायला दिलं, पाणी दिलं, चहा दिला आणि पोर झोपलीय म्हणाले. आतून तिच्या हसण्याचा आवाज येत होता. काका चहा संपवून उठले. मी विचारलं, तुम्ही भांडला नाहीत? म्हणाले, भांडलो असतो, पण मग आतून पोरीने आबाचा तसला आवाज ऐकला असता. आणि रूपाली वाईट नाय, आमच्याकडूनच कायतरी राहिलं असंल.

त्या दिवसापासून मी कटात सामील झाले. माझा चांगुलपणा महागात पडला होता, तो निस्तरायला दोघांनी मिळून दुपारपर्यंत चुका केल्या. चुका करायलासुद्धा कसब लागतं हे मला तेव्हा कळलं. हात आपोआप बरोबर शब्दाकडे जातो, त्याला ओढून आणावं लागतं. काका बँकेत किंवा दवाखान्यात गेले की टॅब माझ्याकडे ठेवून जायचे, आणि मी काज-बटणं करता करता नळाला खुर्ची म्हणायची. गिऱ्हाइकं बघायची. एक बाई तर माप न देताच परत गेल्या.

फळाची वाट मीही बघू लागले. सकाळी काका दार उघडून नुसती मान हलवायचे, म्हणजे लागलं. मग दोघांनी मिळून पोपटाचं पोट दाबायचं. हा आवाज जिन्यात ऐकलेला होता, हट्ट करताना ऐकलेला होता, पण आता तो बदलत होता. एक दिवस पोपट म्हणाला, "हाई बदक शे." तिकडच्या बोलीत. आम्ही दोघंही हसलो. काका जरा जास्तच वेळ हसले आणि मग म्हणाले, "सटाण्याची झाली पोरगी." त्यानंतर त्या दिवशी ते फेरीला गेले नाहीत.

आणि मग ती सकाळ आली. दारात मान हलली नाही. फळ नव्हतं. काकांनी सवयीने पोपटाच्या पोटावर बोट दाबलं. आधी नुसतं नाक ओढल्याचा आवाज आला. मग जुईचा आवाज, रडून बसलेला. "माले येस ना. मंग मांगे काबरं लई जास?"

मला येतं ना, मग मागे का नेतोस, असं ती पोपटाला विचारत होती.

काकांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा दाबायला गेले तेव्हा मी त्यांचा हात धरला. आम्ही दोघं मोठी माणसं, एक जण आयुष्यभर वीज केंद्र सांभाळलेला, आणि सगळ्या मजल्याचं बरंवाईट बघणारी मी, आणि आमच्या डोक्यात हे एकदाही आलं नव्हतं, की तिकडे एक पोर रोज संध्याकाळी बरोबर वाचते आहे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच येऊन पडते आहे.

"ताई," काका म्हणाले, "पोरीला वाटत असंल, आपल्यालाच येत नाय."

मी टॅब त्यांच्या हातातून घेऊन उपडा ठेवला.

पुढचे कित्येक दिवस बागेत फळ नव्हतं. जुईने खेळणं सोडलं होतं. न खेळलं की खेळातल्या झाडांची पानं पिवळी पडतात, तशी ती पडत गेली. काका दर तासाच्या फेरीतून वर यायचे, पण पॅसेजला काही सांगायचे नाहीत. टाकी एकदा भरून वाहिली. वॉचमनने मला विचारलं, काकांना बरं नाही का. मी म्हटलं, बरे आहेत, तू टाकीकडे लक्ष दे.

मग एका सकाळी त्यांनी खुर्ची टाकली, टॅब उघडला आणि मला बोलावलं. समोर बदक आलं. काकांनी 'बदक'वर बोट ठेवलं. घर आलं, घर. कमळ आलं, कमळ. नळ आला, काका क्षणभर थांबले आणि 'नळ'वर बोट ठेवलं. पोपट नाचत होता आणि आमच्यापैकी कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. बोलायची पाळी आली की रुमाल होताच. बाकी सगळं बरोबर आलं तर पोपट तेवढं चालवून घेतो. धड्यामागून धडा करत त्यांनी जुईला शब्दांच्या पार टोकाला, वाक्यांच्या दाराशी आणून ठेवलं. पुढचं पान उघडत होतं, तर त्यांनी टॅब मिटला.

मी म्हटलं, अजून एक-दोन धडे करून द्या की, पोर खूश होईल. ते म्हणाले, "मी मागं ओढली तेवढीच पुढं आणून दिली. आता तिचं तिला करू द्या."

टॅब त्यांनी शोकेसवर काकूंच्या फोटोपाशी ठेवला. सकाळी फक्त बघायला काढायचा, खेळायला नाही. जुई खेळात परत आली. एक दिवस काका माझ्या दाराशी येऊन टॅब नुसता माझ्यापुढे धरून उभे राहिले. बागेत पेरू लागला होता. एक नाही, झाडभर. तिला कुणीतरी दारात नेऊन ठेवलं होतं आणि ती जी सुटली ती सुटलीच. आता पोपटाचं पोट दाबलं की शब्द नाही, वाक्य यायचं. "आई बाजारात गेली." "मांजर दूध पिते." आधी एकेक शब्द चाचपत, मग सरसर. पिवळी पानं हिरवी झाली. आणि रोज वाचलेल्या प्रत्येक वाक्यागणिक काकांची शिल्लक कमी होत होती, हे आम्हा दोघांना कळत होतं. एखाद्या वाक्याला ती तिकडे अडखळली की मला आनंद व्हायचा. काकांना होत नसे. ते टॅबकडे बघून हळूच म्हणायचे, हां, सावकाश, घाई नाय.

शेवटची गोष्ट आली तेव्हा थंडी पडायला लागली होती. सकाळी काकांनी मला हाक मारली, तेव्हा मी चहासुद्धा घेतला नव्हता. गोष्ट एका मुंगीची होती, साखरेचा दाणा घरी नेणाऱ्या. जुईने ती आदल्या संध्याकाळी पोपटाला पूर्ण वाचून दाखवली होती. आम्ही पॅसेजमध्ये बसून ऐकली. मध्ये एका ठिकाणी ती अडली, पाठीमागे कुणाचा तरी, बहुतेक रूपालीचा, आवाज आला, सावकाश म्हण. ती सावकाश म्हणाली. दाणा घरी पोचला. मग पोपट म्हणाला, "आता तुला वाचता येतं. आता मी जातो," आणि खरंच उडून गेला. फांदी हलत राहिली, मग तीही थांबली. काकांनी फांदीवर बोट ठेवून पाहिलं. काही आवाज आला नाही.

खाली एक बटण आलं होतं. 'पुन्हा पहिल्यापासून'.

मला रडू येत होतं, आणि रडू आलं की मला राग येतो. मी म्हटलं, काका, दाबा ते बटण. सरळ दाबा. पोपट परत येईल, बाग परत लागेल, ती पुन्हा अ-आ-पासून खेळेल. पोरांना तेच तेच आवडतं. तिला कळणारही नाही कुणी केलं. मी एवढं बोलले आणि स्वतःच पुढे होऊन दाबायला गेले, तर काकांनी टॅब बाजूला घेतला. रागाने नाही. मुलाच्या हातातून सुरी काढून घ्यावी तसा.

"नको ताई," ते म्हणाले. "त्यांचं घर सटाण्याच्या स्टँडच्या मागंच हाय. शाळेला जाता-येता स्टँडवरूनच जावं लागतं तिला. नाशिकच्या गाड्या तिथंच लागत्यात. आजवर तिला त्या नुसत्या गाड्याच दिसायच्या."

त्यांनी टॅब बंद केला आणि बाहीने त्याची काच पुसली.

"आता कोणती गाडी इकडं येते ते कळंल तिला. चढणार नाय, लहान हाय अजून. पण वाचंल तर खरी."